निळ्या-काळ्या डब्याची गोष्ट

गेल्या शनिवारी साताऱ्याला घरी गेलो होतो. चहाचा कप खाली ठेवायच्या आतच बाबांनी विषय काढला. "अरे, ३०० चं कनेक्शन घेतलंय, पण ९३ च्या वर आकडाच जात नाही. केबलवाला म्हणतो, काका, माझी लाईन ओके आहे. पैसे मात्र ३०० चे घेतो."

बाबा रिटायर झाल्यापासून स्पीडटेस्ट हा त्यांचा पेपर वाचण्याइतकाच नित्याचा कार्यक्रम झालाय. मी लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला वायरने जोडला, लॉगिन टाकलं. २८७! म्हणजे केबलवाला निर्दोष. गुन्हेगार शोकेसवर, गणपतीच्या शेजारी, दिवे मिचकावत बसला होता. आमचा सात-आठ वर्षांचा राउटर. त्याचे सगळे पोर्ट १०० एमबीपीएसचे. असल्या पोर्टमधून वरकड खर्च जाता हातात ९३-९४ च पडतात. मागून ३०० येऊ देत नाहीतर ३०००. त्याच्या फर्मवेअरचं शेवटचं अपडेट होतं २०१७ चं.

"नवीन घेऊ," मी म्हटलं.

"घे. पण दोन हजाराच्या फार वर जाऊ नको. डबाच तर आहे."

डबाच तर आहे! मंडळी, रात्री स्वस्त राउटर शोधायला बसलो आणि सवयीप्रमाणे भलतीकडेच वाहवत गेलो. पहाटे दोनपर्यंत मी २००३ सालात होतो. कारण "स्वस्त आणि चांगला राउटर" या कल्पनेलाच एक इतिहास आहे. त्यात एक निळा-काळा डबा आहे, एक लायसन्स आहे आणि एक विसरून राहिलेली खिडकी आहे. तोच आज सांगतो.

आधी डबाच नव्हता

घरच्या राउटरचं मुख्य काम काय? बाहेरून मिळालेला एकच पत्ता घरातल्या सगळ्यांना वापरू देणं. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे नव्वदीच्या सुरुवातीलाच लक्षात आलं होतं. १९९४ मध्ये यावर एक तात्पुरता उपाय मांडला गेला, त्याचं नाव नॅट. वाड्याच्या दरवाज्यावर एकच नंबर, आतल्या बिऱ्हाडांची पत्रं कोणाची कोणाला हे दारावरचा माणूस ठरवणार. अगदी तसंच. "तात्पुरता" हा शब्द आपल्या फील्डमध्ये किती वर्षं टिकतो ते तुम्हाला माहीतच आहे. आजही घरोघरी नॅटच चालतं.

पण तेव्हा घरी हे करायचं तर बाजारात स्वस्त वस्तू नव्हती. हौशी लोक अडगळीतला जुना पीसी काढायचे, त्यात दोन नेटवर्क कार्डं घालायचे आणि वर लिनक्स चढवायचे. लिनक्स राउटर प्रोजेक्ट नावाचा प्रकार होता, तो तर अख्खा एका १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावायचा! म्हणजे राउटर ही एक वस्तू नसून एक प्रोग्रॅम आहे, हे या मंडळींना आधीपासून ठाऊक होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

डब्ल्यूआरटी५४जी

कॅलिफोर्नियात अर्व्हाइन येथे १९८८ साली व्हिक्टर आणि जेनी त्साओ या नवरा-बायकोने घराच्या गॅरेजमधून एक कंपनी सुरू केली. नाव लिंकसिस. मोठमोठ्या कंपन्या ऑफिसांसाठी महागडी यंत्रं विकत असताना यांनी घरांकडे आणि छोट्या धंद्यांकडे लक्ष दिलं.

डिसेंबर २००२ मध्ये त्यांनी एक वायरलेस राउटर आणला. निळा-काळा डबा, पाठीमागे दोन अँटेना. नाव डब्ल्यूआरटी५४जी. यातले ५४ म्हणजे ५४ एमबीपीएस आणि जी म्हणजे ८०२.११जी. गंमत म्हणजे हे ८०२.११जी स्टँडर्ड पक्कं झालं जून २००३ मध्ये. म्हणजे लग्न ठरायच्या आधीच पत्रिका छापून वाटलेल्या.

आत काय होतं? ब्रॉडकॉमची चिप, वेग १२५ मेगाहर्ट्झ. रॅम १६ एमबी. फ्लॅश ४ एमबी. मी तेव्हा पहिलीत होतो आणि आमच्या घरी कॉम्प्युटरसुद्धा नव्हता. भारत सरकारचं ब्रॉडबँड धोरण २००४ मध्ये आलं, त्यात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. हा डबा नॅट करत साधारण तीस-चाळीस एमबीपीएस ओढायचा, म्हणजे आपल्या तेव्हाच्या ब्रॉडबँडच्या शंभरपट! त्या काळाच्या मानाने वेगाचा प्रश्नच नव्हता.

मार्च २००३ मध्ये सिस्कोने लिंकसिस विकत घेत असल्याचं जाहीर केलं. किंमत सुमारे ५० कोटी डॉलर. जूनमध्ये व्यवहार पुरा झाला. आणि त्याच जूनमध्ये माशी शिंकली.

आत लिनक्स आहे हो!

अँड्र्यू मिक्लास नावाच्या प्रोग्रॅमरने जून २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या डेव्हलपर मंडळींना एक पत्र लिहिलं. म्हणणं साधं होतं. या राउटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स आहे. लिनक्स आहे तर जीपीएल लायसन्स लागू होतं. मग सोर्स कोड कुठाय?

जीपीएल म्हणजे काय हे ज्यांना रोजच्या कामात लागत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोड फुकट घ्या, बदला, विका, काहीही करा. पण तो दुसऱ्याला देताना सोर्ससकट द्या, आणि तुम्हाला जे हक्क मिळाले तेच पुढच्यालाही द्या. प्रसादासारखं आहे. मिळाला तसा पुढे वाटायचा, एकट्याने डबा भरून घरी न्यायचा नाही.

बरं, लिंकसिसने मुद्दाम चोरी केली होती का? प्रकरण तितकं सरळ नाही. चिप ब्रॉडकॉमची. फर्मवेअर बनवलं तैवानच्या सायबरटॅन या कंपनीने. वर नाव लिंकसिसचं. आणि लिंकसिस आता सिस्कोच्या मालकीची. क्लायंटचा व्हेंडर, व्हेंडरचा सब-व्हेंडर... आपल्यापैकी अर्ध्या लोकांचं आयुष्य ज्या साखळीत जातं तीच साखळी. साखळीच्या टोकाला कुणीतरी सोयीचं म्हणून लिनक्स वापरलं आणि वरच्या कुणीही लायसन्स वाचलं नाही. ५० कोटी डॉलर मोजणाऱ्याला डब्यात काय आहे हे नीट माहीत नव्हतं!

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पाठपुरावा केला आणि २००३ च्या जुलैमध्ये सोर्स कोड बाहेर आला. पूर्ण नव्हे. वायरलेसचा ड्रायव्हर बंदच राहिला, नुसती बायनरी. पण बाकी बरंच हाती आलं.

विसरलेली खिडकी

कोड मिळाला, पण डब्याच्या आत शिरायचं कसं? इथे अजून एक मजा झाली. राउटरच्या वेब पानावर पिंग करून बघायची सोय होती. पत्ता लिहायचा, बटण दाबायचं. आता त्या चौकटीत पत्त्याऐवजी कमांड टाकली तर राउटर ती इमानेइतबारे चालवायचा! इनपुट तपासलंच नव्हतं. आज कॉलेजातून नुकत्याच आलेल्या पोराने असा कोड लिहिला तर रिव्ह्यूत त्याची सालटी निघतील. पण या एका गाढवपणामुळे जगभरच्या हौशी मंडळींना आत शिरायची वाट मिळाली.

मग काय विचारता. जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. सुरुवात लिंकसिसच्याच सोर्सवरून. स्वेआसॉफ्ट नावाच्या गटाने स्वतःचं फर्मवेअर काढलं आणि वर्षाला वीस डॉलर वर्गणी लावली. त्यावरून प्रचंड भांडणं झाली. वाटून खायच्या गोष्टीला तिकीट कसलं, असा एकूण सूर. या भांडणातूनच २००५ मध्ये जर्मनीच्या सेबास्टियन गॉटशालने डीडी-डब्ल्यूआरटी काढलं. पुढे जोनाथन झराटेचं टोमॅटो आलं. त्यात घरात कोण किती बँडविड्थ खातंय याचे जिवंत आलेख दिसायचे.

साठ-सत्तर डॉलरच्या डब्यात लोकांनी व्हीपीएन घातलं, एकाचे दोन नेटवर्क केले, रेडिओची ताकद वाढवली. जे करायला आधी ऑफिसात शेकडो डॉलरचं यंत्र लागायचं ते घरच्या माळ्यावर होऊ लागलं. डबा तोच. प्रोग्रॅम बदलला. ती फ्लॉपीवाली मंडळी बरोबर होती.

आणि हे खेळ नुसते हौशी लोकांच्या माळ्यावर राहिले नाहीत. बर्लिनच्या फ्रायफुंक चळवळीने असे राउटर गच्च्यांवर आणि खिडक्यांत लावून शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं जाळं विणलं. आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी लायसन्समुक्त केला. पुढच्याच महिन्यात धरमशालेत डोंगरउतारावरच्या शाळा आणि संस्थांना जोडणारं वायरलेस जाळं उभं राहिलं. यंत्रं स्वस्तातली, आतलं फर्मवेअर मोकळं, जोडणारे हात तिथलेच. तिथे टेलिफोनची तार नेणं अवघड आणि कंपनीचं मोठं यंत्र परवडणं त्याहून अवघड. तिथे "स्वस्त राउटर" ही चैन नव्हती. तो नसता तर नेटच नव्हतं.

स्टिकर वाचा

आता गोष्टीतला व्हिलन. तो म्हणजे आपलं कॉस्ट कटिंग.

२००५ च्या शेवटी याच डब्याची पाचवी आवृत्ती आली. बाहेरून तोच निळा-काळा डबा, तेच नाव. आतून लिनक्स गायब! त्याजागी व्हीएक्सवर्क्स नावाची बंदिस्त सिस्टीम. ती कमी जागेत मावते, म्हणून रॅम १६ ची ८ एमबी केली आणि फ्लॅश ४ ची २. दर डब्यामागे थोडे पैसे वाचले. लाखांनी विकायच्या वस्तूत थोडे म्हणजे पुष्कळ. दुकानात जाऊन ज्यांनी जुन्या भरवशावर डबा उचलला ते फसले. फरक कळायचा तो फक्त बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरवरून.

ओरड झाली. पण कंपनीला एक गोष्ट दिसली होती, या वेड्या लोकांचं मार्केट खरंच आहे. मग जुनाच लिनक्सवाला डबा त्यांनी वेगळ्या नावाने विकायला काढला, डब्ल्यूआरटी५४जीएल. यातला एल म्हणजे लिनक्स. जे आधी नकळत मिळत होतं त्याला आता वेगळं नाव मिळालं. आणि हा जीएल दहा वर्षांनंतर, २०१६ मध्येसुद्धा विकला जात होता. आपल्या धंद्यात दहा वर्षं!

लायसन्सचं भांडण मात्र मिटलं नव्हतं. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला, म्हणे अनेक उत्पादनांत सोर्स नीट दिला जात नाही. मे २००९ मध्ये तडजोड झाली. सिस्कोने फाउंडेशनला देणगी दिली आणि लिंकसिसमध्ये हे काम बघायला एक खास अधिकारी नेमायचं कबूल केलं.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. रेडिओची ताकद हवी तशी वाढवणं म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकणं. नियामकाला त्याची काळजी वाटणं चूक नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने टीपी-लिंकला याच कारणावरून २ लाख डॉलर भरायला लावले, कारण त्यांच्या काही राउटरची ताकद मर्यादेबाहेर नेता येत होती. पण त्याच तडजोडीत एक सुंदर कलम होतं. रेडिओची मर्यादा सांभाळून बाहेरचं मोकळं फर्मवेअर कसं चालू देता येईल हे कंपनीने बघावं. म्हणजे खिळा ठोकू नका, पण भाडेकरूला स्वतःच्या घरात शेल्फ लावायला बंदी नाही.

हे सगळं बाबांना का सांगायचं?

कारण वेग ही अर्धीच गोष्ट आहे.

२०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचा मालवेअर उघडकीला आला. सुमारे ५ लाख राउटर, ५४ देश. लोकांनी घरचे राउटर बंद करून चालू करावेत असं एफबीआयला जाहीर सांगावं लागलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने असंच एक जाळं मोडल्याचं जाहीर केलं. त्यात बहुतेक डबे असे होते ज्यांना कंपनीने अपडेट देणं कधीच थांबवलं होतं. मालकांच्या दृष्टीने सगळं छान चालू होतं. नेट चालतंय ना? झालं तर.

आमच्या शोकेसवरचा २०१७ पासून अपडेट न मिळालेला डबा याच जातीचा. बाबांचं बँकिंग, आईचे फोटो, सगळं त्याच्यातून जातं.

दुसरी गोष्ट. आई यूट्यूबवर कीर्तन लावते तेव्हा बाबांचा व्हिडिओ कॉल अडकतो. आकडा ९३ दाखवत असतानाही. याला कारण कमी वेग नव्हे, तर राउटरच्या आत पाकिटांची लागणारी लांबलचक रांग. २०१०-११ च्या सुमारास जिम गेटिस यांनी या दुखण्याला बफरब्लोट असं नाव दिलं. मग डेव्ह टाट आणि मंडळींनी २०११ पासून ओपनडब्ल्यूआरटीचीच एक प्रयोगशाळा केली आणि बाजारात मिळणाऱ्या घरगुती राउटरवर उपाय तपासून बघितले. त्यातला एफक्यू-कोडेल हा उपाय २०१२ मध्ये थेट लिनक्स कर्नलमध्ये गेला. डेव्ह टाट २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले. एखाद्याचा कॉल न अडकता पार पडला तर त्यामागे या माणसाची खटपट असू शकते, पण ते कुणाला कळणार नाही. प्लंबरचं काम चांगलं झालं की प्लंबर आठवत नाही, तसंच.

हे प्रयोग कंपन्यांच्या बंद डब्यांवर होऊच शकले नसते. कुणीतरी २००३ मध्ये "सोर्स कुठाय?" असं विचारलं होतं म्हणून झाले.

त्या मूळ निळ्या-काळ्या डब्याचं काय झालं? १६ एमबी रॅममध्ये आजचं ओपनडब्ल्यूआरटी मावत नाही आणि ३०० च्या कनेक्शनपुढे त्याचा निभाव लागणार नाही. लिंकसिस २०१३ मध्ये बेल्किनकडे गेली. पण ओपनडब्ल्यूआरटीच्या नावात डब्ल्यूआरटी अजून आहे, आडनावासारखं. आणि २०२४ च्या शेवटी या प्रकल्पाने स्वतःचाच राउटर काढला, ओपनडब्ल्यूआरटी वन. १ जीबी रॅम, बाहेरच्या बाजूला २.५ गिगाबिटचा पोर्ट, किंमत ८९ डॉलर. पहिल्या डब्याच्या चौसष्टपट रॅम! आधी दुसऱ्याच्या डब्यात चोरवाटेने शिरले, वीस वर्षांनी स्वतःचा डबा केला.

राजपथावरचं दुकान

८९ डॉलर बाबांच्या बजेटमध्ये बसत नव्हते. म्हणून रविवारी सकाळी आम्ही दोघं राजपथावरच्या एका दुकानात गेलो. माझ्याकडे तीन प्रश्नांची चिठ्ठी होती. सगळे पोर्ट गिगाबिटचे आहेत का? ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत हे मॉडेल आहे का? आणि यादीत कुठली आवृत्ती आहे?

दुकानदाराने खोकं पुढे केलं. वर मोठ्ठ्या अक्षरात १२०० लिहिलेलं. हा आकडा म्हणजे दोन्ही बँडचे कागदावरचे वेग एकत्र करून केलेली बेरीज, तिच्याकडे बघायचं नाही. मी म्हटलं, "काका, खोकं उघडून बुडाचं स्टिकर बघू द्याल का?"

त्याने माझ्याकडे आणि मग बाबांकडे असं बघितलं की पोरगं बरं आहे ना तुमचं. पहिल्या खोक्यातली आवृत्ती यादीत नव्हती. नाव तेच, डबा तोच, आतली चिप वेगळी. २००५ चीच गोष्ट पुन्हा! तिसऱ्या खोक्यात हवी ती आवृत्ती निघाली. २,१०० रुपये.

घरी येऊन जोडला. बाबांनी स्वतः टेस्ट लावली. २८४. रांगेचा इलाज चालू केला तर छोट्या प्रोसेसरला जादा काम पडतं आणि आकडा २१० वर येतो. बाबांना तो आधी आवडला नाही. मग आईने कीर्तन लावलं आणि मी बाबांना पुण्याच्या आत्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. कॉल अडकला नाही. आत्या वीस मिनिटं बोलली, तीही अडकली नाही. :)

"म्हणजे केबलवाला बरोबर बोलत होता की रे," बाबा म्हणाले. "त्याला उगाच बोललो मी."

आणि मग, जरा थांबून, "ह्याचं अपडेट किती वर्षं येईल?"

मी म्हटलं, "कंपनी देईल तोवर कंपनीचं. तिने सोडलं की ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांचं. मेमरी पुरेल तोवर तरी."

बाबांनी जुना डबा उचलला, उलटा केला, चष्मा वर सरकवून त्याच्या बुडाशी काय लिहिलंय ते वाचू लागले. तुम्हीही या वीकेंडला तुमच्या घरचा एकदा उलटा करून बघा.